शाखित रेणू आणि अविकारी विशेषण : बहुवारिकांच्या मराठी परिभाषेचे एक परीक्षण

पारिभाषिक संज्ञांचे गुणदोष त्यांच्या कुळावरून ठरविण्याची आपल्याकडे जुनी रूढी आहे. संज्ञा संस्कृत की देशी, सुटसुटीत की बोजड, एवढाच वाद होतो. ‘शब्द जड आहे’ हा आक्षेप आणि ‘वापरून रुळेल’ हे त्याचे ठराविक उत्तर, यांच्या पलीकडे चर्चा क्वचितच जाते. संज्ञा ज्या वस्तूसाठी घडविली त्या वस्तूतील कोणता भेद ती दाखविते आणि कोणता झाकते, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. प्रस्तुत लेखात तो एका मर्यादित क्षेत्रापुरता विचारावयाचा आहे. खंड-सहबहुवारिकांच्या रेणूला फांद्या असल्या म्हणजे त्यांचे प्रावस्थावर्तन बदलते. हे विधान आज रूढ असलेल्या मराठी परिभाषेतून निःसंदिग्धपणे मांडता येते काय?

हा प्रश्न खानदेशात विचारणे केवळ विद्वज्जनांची हौस नव्हे. जळगावाहून निघून गिरणा ओलांडली की धरणगाव तालुक्यातील बांभोरी लागते. तेथील कारखान्यांतून प्लॅस्टिकचे पाइप आणि ठिबकच्या नळ्या निघतात, आणि त्या याच परिसरातील केळीच्या व कापसाच्या शेतांत अंथरल्या जातात. १९९० साली स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा परिसरही तेथून दूर नाही. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला धरणगाव-एरंडोलकडील विद्यार्थी रसायन-तंत्रज्ञानाच्या वर्गात येतो, तेव्हा त्याच्या कानावर ‘पॉलिमर’ हा शब्द पडतो आणि मनात शाळेतील ‘बहुवारिक’ असते. या दोन शब्दांनी त्याच्यासमोर रेणूचे कोणते चित्र उभे राहते, हे तपासण्याजोगे आहे.

‘पॉलिमर’ हा शब्द स्वीडिश रसायनज्ञ बर्झीलियस याने १८३३ साली योजिला. त्याच्या थोडे आधी, १८३०च्या सुमारास, ‘आयसोमर’ हा शब्द त्यानेच रूढ केला होता. मुळात ही दोन्ही भावंडे होत. मूलद्रव्यांचे प्रमाण तेच, अणूंची संख्याही तीच आणि तरी गुणधर्म निराळे, अशा पदार्थांना पहिली संज्ञा होती ती ‘आयसोमर’; प्रमाण तेच पण अणूंची संख्या पटीत वाढलेली, अशांना ‘पॉलिमर’. दोहोंतील ‘मेरोस’ या ग्रीक पदाचा अर्थ भाग, अंश. प्रचंड लांबीचे रेणू ही कल्पना तेव्हा नव्हतीच. ती हेर्मान श्टाउडिंगर याने १९२० पासून मांडली आणि पुष्कळ विरोधानंतर प्रस्थापित केली. १९५३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले ते याच कार्यासाठी.

मराठीने या भावंडांची ताटातूट केली. ‘आयसोमर’ला आपण ‘समघटक’ म्हटले, म्हणजे ‘भाग’ हा अर्थ राखला. ‘पॉलिमर’ला मात्र ‘बहुवारिक’ म्हटले आणि ‘भागा’च्या जागी ‘वार’ आणला. विश्वकोशाने ‘एकवारिक’, ‘सहबहुवारिक’, ‘बहुवारिकीकरण’ अशी त्याची संपूर्ण संततीही स्वीकारली. वार म्हणजे खेप, आवृत्ती. ‘वारंवार’ या शब्दात तोच आहे. भाग एकमेकांस कसेही जोडलेले असू शकतात. वार मात्र एकामागून एकच येतात. अर्थात ‘बहुवारिक’ या शब्दात अनुक्रम गृहीत आहे, आणि अनुक्रम म्हणजे रेषा. पाठ्यपुस्तकांतील मण्यांच्या माळेची उपमा ही त्याच गृहीताची सावली होय. माळेतील प्रत्येक मण्याला दोनच शेजारी असतात. तिसरा शेजारी असलेला मणी माळेत बसत नाही, आणि शाखित रेणूचे सारे रहस्य त्या तिसऱ्या शेजाऱ्यात आहे.

एवढ्यावरून ‘बहुवारिक’ शब्द टाकून द्यावा असे मात्र प्रस्तुत लेखकास वाटत नाही. संज्ञा ही वस्तूची व्याख्या नव्हे. पृष्ठभागावर कमळ नसतानाही पंकज चिखलातच उगवते असे नाही. हिंदीतील ‘बहुलक’ आपण घ्यावयाचे म्हटले तर संख्याशास्त्रात तो शब्द मराठीने आधीच दुसऱ्या कामाला जुंपला आहे. खरी अडचण पहिल्या पायरीवरच्या संज्ञेची नसून दुसऱ्या पायरीवरच्या संज्ञांची आहे. खंड, शाखा, कलम, बाहू, सांधा या संज्ञा अद्याप स्थिर झालेल्या नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्याविषयी आता बोलणे उपयोगाचे आहे.

त्यासाठी वस्तूकडे वळले पाहिजे. एकमेकांशी न जमणारी दोन बहुवारिके, उदाहरणार्थ पॉलिस्टायरीन आणि पॉलिआयसोप्रीन, एकत्र मिसळली तर तेल-पाण्याप्रमाणे ती विभक्त होतात. परंतु एकाच रेणूचा एक खंड पहिल्याचा आणि दुसरा खंड दुसऱ्याचा असेल, तर त्यांना परस्परांपासून दूर जाता येत नाही. रासायनिक बंधाने ती जखडलेली असतात. भांडण झाले तरी वाटणी होऊ शकत नाही अशा एकत्र कुटुंबासारखी ही स्थिती. मग विभागणी सूक्ष्म प्रमाणावर, साधारणतः दहा ते शंभर नॅनोमीटर अंतराने, होते. दोन्ही खंड जवळजवळ सारखे असतील तर आलटून पालटून थर पडतात. एक खंड आखूड होत गेला की तो प्रथम नळकांड्यांच्या आणि पुढे गोलांच्या रूपाने दुसऱ्यात विखुरतो. थर आणि नळकांडी यांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात गायरॉइड नावाची, दोन जाळी परस्परांत गुंतलेली, रचना आढळते. लुडविक लीब्लर याने १९८० साली या वर्तनाचा जो सिद्धान्त मांडला त्यानुसार, सम द्विखंड रेणूत ही विभागणी होण्यासाठी खंडांमधील विरोधाचा गुणांक आणि रेणूतील एकवारिकांची संख्या यांचा गुणाकार सुमारे १०.५ च्या वर जावा लागतो. त्याखाली सारे एकजीव.

येथपर्यंत दोन गोष्टी पुरेशा आहेत : कोणते घटक, आणि किती प्रमाणात. मराठी परिभाषेला यात अडचण नाही. ‘समघटक’, ‘सहबहुवारिक’, ‘प्रमाण’ एवढ्यात काम भागते.

आता रेणूला फांदी द्यावी. पॉलिस्टायरीनचा एक बाहू आणि पॉलिआयसोप्रीनचे दोन बाहू एका बिंदूत मिळवावेत. हे प्रत्यक्षात करतात ते असे : तीन क्लोरीन अणू असलेल्या सिलिकॉनच्या संयुगाला प्रथम पॉलिस्टायरीनची एक जिवंत साखळी जोडतात, मग उरलेल्या दोन जागी आयसोप्रीनच्या दोन. साऱ्या रेणूत सांध्याचा तो सिलिकॉन अणू एकच असतो. वजनाच्या दृष्टीने नगण्य. पदार्थाचे रासायनिक पृथक्करण केले तर तितक्याच प्रमाणाच्या सरळ द्विखंड रेणूपासून त्याला वेगळे काढणे जवळजवळ अशक्य. आणि तरी वर्तन बदलते. एकूण लांबी तीच असूनही विभागणीसाठी अधिक विरोध लागतो, कारण दोन भागांत तोडलेले आखूड बाहू सहज मिसळून राहतात. शिवाय विभागणी झाल्यावर, सरळ रेणूत जेथे थर मिळाले असते तेथे सीमा वाकू लागते.

ती का वाकते हे समजणे फारसे कठीण नाही. सीमेवरील प्रत्येक सांध्यापासून एका बाजूला एक साखळी निघते आणि दुसऱ्या बाजूला दोन. दोनांच्या बाजूला गर्दी होते; त्या साखळ्यांना जागेसाठी ताणून उभे राहावे लागते. सीमा वाकून गर्दीची बाजू बाहेर आली तर तिला अधिक ऐसपैस जागा मिळते. म्हणून दोन बाहूंचा घटक बाहेर राहतो आणि एक बाहूचा घटक आत नळकांड्यांत कोंडला जातो. थर मिळवावयाचेच तर एकबाहू घटकाचे प्रमाण निम्म्याच्या बरेच वर न्यावे लागते. स्कॉट मिल्नर याने १९९४ साली या साऱ्याला एकाच असमतेच्या गुणांकात बसविले. दोन्ही बाजूंच्या बाहूंच्या संख्यांचे गुणोत्तर हा त्याचा गाभा, आणि साखळ्यांची अंगभूत जाडी-लवचिकता ही त्याची दुसरी बाजू. ॲथेन्सचे हाजीक्रिस्टिडिस आणि अमेरिकेतील मेज, गिडो प्रभृतींनी त्या दशकात असे मिश्रबाहू रेणू तयार करून सीमांचे हे सरकणे प्रत्यक्ष पाहिले. सिद्धान्ताचा कल बरोबर ठरला. सारे आकडे तंतोतंत जुळले असे नव्हे.

या प्रकरणातील सर्वांत बोधप्रद गोष्ट मात्र निराळीच आहे. दोन बाहू एका घटकाचे आणि दोनच बाहू दुसऱ्याचे, असा चौबाहू तारकाकृती रेणू घेतला, तर तोही शाखितच आहे. किंबहुना पहिल्याहून अधिक शाखित. परंतु मोनिका ओल्वेरा दे ला क्रूझ आणि आयझॅक सांचेझ यांनी १९८६ साली गणिताने दाखविले की, मध्यम-क्षेत्र सिद्धान्तात हा रेणू मधोमध कापून झालेल्या दोन साध्या द्विखंड रेणूंप्रमाणेच वागतो. दोन्ही बाजूंना गर्दी सारखीच, मग सीमा वाकण्याचे कारण उरत नाही. म्हणजे ‘फांदी आहे’ एवढ्याने काहीच ठरत नाही. कोणत्या घटकाला फांदी आहे आणि सांध्याच्या कोणत्या बाजूला किती बाहू आहेत, यावर सारे ठरते. एका विशेषणाने भागण्याजोगे हे प्रकरण नाही.

आणि आपल्याजवळ विशेषण एकच आहे : ‘शाखित’.

‘शाखित खंड-सहबहुवारिक’ ही पदावली वाचकांनी क्षणभर निरखून पाहावी. तिचा अर्थ काय? ज्याचे खंड शाखित आहेत असे सहबहुवारिक? की ज्याचे खंड सरळ आहेत पण जे स्वतः शाखित आहे असे खंड-सहबहुवारिक? पहिल्यात एखाद्या खंडाच्या कण्याला कंगव्याप्रमाणे दाते फुटलेले असतील; दुसऱ्यात सरळ खंड एका सांध्यात ताऱ्याप्रमाणे मिळालेले असतील. हे दोन पदार्थ भिन्न आहेत, त्यांच्या प्रावस्थांचे नकाशेही भिन्न आहेत, आणि आपली संज्ञा दोहोंना एकाच नावाने हाक मारते. इंग्रजी संज्ञेतही हाच दोष आहे, हे खरे. परंतु मराठीत तो निभावून नेण्याची गरज नाही, कारण मराठीजवळ त्यावरचा उपाय तिच्या व्याकरणातच आहे.

‘जुने पुस्तकांचे दुकान’ आणि ‘जुन्या पुस्तकांचे दुकान’ ही दोन रूपे घेऊ. शब्द तेच, क्रमही तोच. पहिल्यात दुकान जुने, दुसऱ्यात पुस्तके जुनी. विशेषण कोणत्या नामाला जोडले आहे हे सामान्यरूपाच्या एका स्वराने सांगितले. पदबंधाची फांदी कोठे फुटते ते दाखविणारी ही खूण होय. आता ‘जुना’च्या जागी ‘प्राचीन’ ठेवावा : ‘प्राचीन पुस्तकांचे दुकान’. खूण नाहीशी झाली. ‘प्राचीन’ हे अविकारी विशेषण. लिंग-वचन-विभक्तीने त्यात बदल होत नाही, म्हणून ते कोणाचे आहे हे रूपावरून कळत नाही. विकारी विशेषणही प्रत्येक वेळी तारून नेते असे नाही. ‘धरणगावच्या कापसाच्या व्यापाऱ्याचा मुलगा’ या पदबंधात कापूस धरणगावचा आणि व्यापारी अमळनेरचा असू शकेल, किंवा व्यापारी धरणगावचा आणि कापूस कोठलाही. सतराव्या शतकात इंग्रजांची वखार असलेल्या या पेठेत दोन्ही अर्थ सारखेच संभवनीय आहेत. तेथे दोन्ही नामे सामान्यरूपात असल्यामुळे खूण मिटते. तथापि जेथे ती टिकते तेथे तिचा लाभ न घेणे, हे आपण होऊन दिवा मालवण्यासारखे आहे.

पारिभाषिक संज्ञांतील विशेषणे आपण बहुतेक संस्कृत कृदन्तांतून घेतली : शाखित, स्फटिकित, संपृक्त, संतुलित. ती सारी अविकारी. त्यांच्यावर आजवर आक्षेप घेतला गेला तो त्यांच्या परकेपणाचा वा काठिण्याचा. त्या आक्षेपात फारसा दम नाही. ‘शाखित’ शब्द कळत नाही असा विद्यार्थी विरळा (फार तर ‘शाखा’ म्हटल्यावर त्याला आधी बँक आठवेल). खरा दोष माहितीचा आहे. विकारी विशेषण जी बातमी आपसूक देते ती अविकारी विशेषण देत नाही, आणि समास तर ती पुसूनच टाकतो. ‘फांद्या फुटलेल्या खंडांचे सहबहुवारिक’ आणि ‘फांद्या फुटलेले खंड-सहबहुवारिक’ असे लिहिताच ‘फुटलेल्या’ आणि ‘फुटलेले’ यांतील भेदाने वरचा सारा घोटाळा संपतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला लांबीचा. संज्ञा आटोपशीर हवी, वाक्यभर पसरू नये, हे मान्यच. परंतु प्रथम उल्लेखाच्या वेळी विकारी पदबंध वापरावा आणि पुढे त्याचा संक्षेप करावा, हा मार्ग खुला आहे. रसायनाचे सर्व लेखन अशाच संक्षेपांवर चालते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भाषेतील पदबंध आणि द्रव्यातील रेणू यांची ही तुलना केवळ योगायोगाची नाही काय? आहेच. पदबंधाची फांदी बदलली की अर्थ बदलतो, आणि तो ऐकणाऱ्याच्या मनात बदलतो. रेणूची फांदी बदलली की गर्दी, ताण आणि जागा यांचा हिशेब बदलतो, आणि तेथे ऐकणारा कोणी नसतो. तुलनेचा आधार एवढाच की दोन्हीकडे घटकांची यादी पुरत नाही, जोडणी सांगावी लागते. रेणूत व्याकरण शोधण्याचा मोह भाषाभ्यासकाने आवरलेलाच बरा.

इंग्रजी संज्ञेचे शब्दशः भाषांतर केल्याने काय होते याचे उदाहरण तर बांभोरीच्या नळीतच आहे. ठिबकची लवचिक नळी ज्या पॉलिएथिलीनची करतात त्याच्या इंग्रजी नावाचा सरळ अनुवाद ‘रेषीय कमी घनतेचे पॉलिएथिलीन’ असा होतो. ‘रेषीय’ म्हटल्यावर विद्यार्थी समजणार की याला फांद्या नाहीत. वस्तुतः त्याला आखूड फांद्या भरपूर असतात. ब्युटीन, हेक्सीन वा ऑक्टीन मिसळून त्या मुद्दाम आणलेल्या असतात. ‘रेषीय’ याचा तेथील अर्थ ‘लांब फांद्या नसलेले’ एवढाच. १९३३ साली इंग्लंडमध्ये प्रचंड दाबाखाली अवचित हाती लागलेल्या पॉलिएथिलीनमध्ये लांब आणि आखूड दोन्ही फांद्या होत्या. १९५३ साली कार्ल त्सिग्लर याच्या उत्प्रेरकाने जवळजवळ बिनफांदीचे मिळाले. बिनफांदीच्या साखळ्या शेजारी शेजारी नीट बसून स्फटिक करतात, म्हणून घनता घन सेंटिमीटरला ०.९४ ग्रॅमच्या वर जाते. फांद्या मध्ये आल्या की स्फटिक अडतो आणि पदार्थ हलका, लवचिक होतो. अर्थात ‘घनता’ हा परिणाम आणि ‘फांदी’ हे कारण. व्यापाराने नाव दिले ते परिणामाचे; अध्यापनात आपण तेच उचलले तर कारण कायमचे आड राहते.

याच पॉलिएथिलीनच्या घराण्यात २००६ साली डाऊ कंपनीच्या संशोधकांनी एक नवा प्रकार प्रसिद्ध केला. दोन उत्प्रेरकांमध्ये वाढत्या साखळीची ने-आण करून त्यांनी अशी साखळी मिळविली की जिचे काही खंड जवळजवळ बिनफांदीचे, म्हणून स्फटिकी व कठीण, आणि मधले खंड फांद्यांनी दाट, म्हणून मऊ. येथे दोन खंडांमधील मुख्य भेद आखूड फांद्यांच्या दाटीचा आहे. ‘शाखित खंड-सहबहुवारिक’ ही संज्ञा अशा पदार्थाला लावली तर ‘शाखित’ हे विशेषण एकाआड एक खंडांनाच लागू पडते, ही तिसरी शक्यता झाली. ‘फांद्या फुटलेल्या आणि बिनफांदीच्या खंडांचे सहबहुवारिक’ हे लांब आहे, परंतु खरे आहे.

खुद्द ‘खंड’ या शब्दाविषयी थोडे लिहिणे अवश्य आहे. ‘ब्लॉक’साठी ‘ठोकळा’ शब्द कानावर येतो. तो टाळावा असे वाटते, कारण ठोकळा म्हटला की कठीण, कोनाकोपऱ्यांची वस्तू डोळ्यांपुढे येते, आणि येथे तर सुटलेल्या सुताच्या गुंडीप्रमाणे वळवळणारी साखळी असते. ‘खंडा’लाही खोड आहेच. पावसात खंड पडतो तेव्हा तो तुटलेपणा असतो, आणि शेत खंडाने दिले की तो मक्ता असतो. पण ‘द्विखंड’, ‘त्रिखंड’ अशा द्विगु समासांत त्याचा भाग हाच अर्थ निश्चित होतो, आणि द्विगु समास संख्या बोलूनच दाखवितो हा त्याचा विशेष गुण. ‘कलम’ शब्द मात्र निर्दोष मिळाला आहे. एका झाडाच्या खोडावर दुसऱ्याची डहाळी, हीच वस्तू, आणि आंब्या-बोरांच्या कलमांमुळे शेतकऱ्याच्या मुलाला ती सांगावी लागत नाही. ज्या बिंदूत बाहू मिळतात त्याला ‘सांधा’ म्हणावे. एक बाहू खाली आणि दोन वर अशा रेणूच्या आकाराला ‘बेचके’ हा शब्द आपल्या जिभेवर आहेच. ‘बेचके’ म्हटले की एकास दोन हे गुणोत्तर आपोआप आले, आणि मिल्नरच्या गुणांकाचा गाभा तोच.

अलीकडे ज्यांचा फार अभ्यास चालू आहे त्या प्रकाराला इंग्रजीत बाटली धुण्याच्या ब्रशाचे नाव आहे. लांब कण्याच्या प्रत्येक पेरातून दाट बाजूसाखळ्या निघालेल्या असतात. गर्दीमुळे कणा ताठ होतो, रेणू एकमेकांत फारसे गुरफटत नाहीत, आणि त्यामुळे असे खंड चटकन रचना साधतात. थरांची जाडी शंभर नॅनोमीटरच्या पुढे जाऊन दृश्य प्रकाश परावर्तित करण्याइतकी होऊ शकते, म्हणजे रंगद्रव्याशिवाय रंग दिसतो. या आकारासाठी ब्रशाकडे जाण्याचे कारण नाही. धरणगावच्या कोणत्याही शेतात बाजरीचे कणीस तसेच उभे असते : मध्ये दांडा, सभोवार दाटीने दाणे, एकूण आकार नळकांड्याचा. ‘कणीस-रेणू’ आणि ‘द्विखंड कणीस-सहबहुवारिक’ असे म्हणता येईल. ज्वारीचे कणीस मात्र येथे चालणार नाही, कारण त्याच्या फांद्यांना पुन्हा फांद्या असतात, आणि रसायनात तो वृक्षाकृती रेणूंचा निराळा वर्ग आहे. बाजरीच्या उपमेलाही एक मर्यादा आहे. कणसाचा दांडा मुळातच ताठ असतो. रेणूचा कणा मुळात लवचिक असून दाण्यांच्या गर्दीने ताठ झालेला असतो. बाजूसाखळ्या विरळ केल्या तर तो पुन्हा लवचिक होऊन त्याची फणी होते, आणि दाटीच्या कोणत्या टप्प्यावर कणीस म्हणणे थांबवून फणी म्हणावयास लागावे, हे रसायनज्ञांनीच सांगावयाचे आहे.